कुतच्या शिपायांच्या नावांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धात, मे १९१६ च्या सुरुवातीला, फ्रान्समध्ये हुलुकजवळ जर्मनांनी आपल्या खंदकांवर फलक उभे केले. समोर ब्रिटिश सैन्यातली १६ वी आयरिश डिव्हिजन होती. एका फलकावर आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या उठावाची खबर होती: इंग्रजांच्या तोफा तुमच्या बायकामुलांवर चालताहेत. दुसऱ्यावर लिहिलं होतं, कुत-अल-अमारा पडलं, तिथलं सगळं इंग्रज सैन्य, १३,००० माणसं, कैद झाली.

हे ‘इंग्रज सैन्य’ म्हणजे पुण्याची ६ वी डिव्हिजन; आजच्या इराकमधल्या कुतला तुर्कांनी तिला वेढा घातला होता. कैद्यांपैकी सुमारे ७,००० हिंदी शिपाई होते, शिवाय ३,००० हून जास्त बिगरलढाऊ नोकर. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यातच होत्या. वेढा चालू असताना तुर्कांनी याच शिपायांसाठी हिंदुस्थानी भाषांत पत्रकं टाकली होती: अधिकाऱ्यांना मारा, आमच्याकडे या, जास्त पगार आणि जमीन देऊ. फितवायचं होतं तेव्हा ते हिंदी होते. विजय मिरवताना मात्र सगळे इंग्रज ठरले.

वाचनालयाच्या दालनात आम्ही कुतच्या फलकाची प्रतिकृती उभारत आहोत, आणि तिच्या शेजारी तालुक्यातल्या त्या शिपायांची नावं. प्रतिकृती सोपी आहे. १२ मि.मी. वॉटरप्रूफ प्लायवूड, मागे तीन आडव्या पट्ट्या, काळा मॅट रंग. चकचकीत रंगावर दिव्याची तिरीप येते आणि अक्षर वाचता येत नाही. प्लायवूडच्या कडांना आधी प्रायमरचे दोन हात द्यावेच लागतात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्या फुगतात. या कामासाठी प्लायवूड, रंग किंवा ५०० रुपयांपासून पुढे देणगी वाचनालयात द्यावी; पावती मिळेल.

खरी अडचण नावांची आहे. घरात पणजोबांचं पदक असेल तर त्याची कड पाहा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथेच कोरलेली असते. ‘१९१४-१५ चा तारा’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ही माहिती मागच्या बाजूला असते. शिपायांना युद्धपदक चांदीचं मिळे, बिगरलढाऊंना बहुधा काशाचं. काशाचं म्हणून बाजूला टाकू नका, भिस्ती आणि खेचरवाल्यांची नावं त्याच पदकांवरून लागतात. मृताच्या घरी आलेल्या मोठ्या तबकडीवर नुसतं नाव असतं, नंबर नसतो, म्हणून तिच्यासोबतचा कोणताही कागद जपा.

पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका, कोरीव अक्षरं झिजतात. फोटो फ्लॅशशिवाय घ्या; टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि कडेचे चार भागांत चार फोटो काढा. कागदाला लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. तिचा डिंक कागदात मुरून तो पिवळा पडतो. घडी चिकटली असेल तर ओढून उघडू नका, तसाच कागद दाखवा. आमचे कार्यकर्ते स्कॅनर घेऊन घरी येतील. मूळ वस्तू तुमच्याकडेच राहील.