बाबा, गाडी क्लचवालीच घेतली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. परवा दोनदा तोंडावर आलंही होतं, पण आई म्हणाली बाबा गुडघा शेकत बसलेत, आणि मी विषय बदलला. म्हणून लिहिते आहे. गाडी ठरली, पैसेही भरून झाले. होंडा सिव्हिक टाइप आर घेतली. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय नाही घेतली.

बाबा, लगेच पत्र आईच्या हातात देऊ नका. पूर्ण वाचा.

मागच्या महिन्यात तुम्ही अगदी सहज विचारलंत, "जीटीआयला म्हणे आता क्लचच नसतो?" ते सहज नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. २०२४ मध्ये तिच्यात बदल झाले तेव्हापासून ती फक्त डीएसजी गिअरबॉक्सवर येते. सात गिअर, आत दोन क्लच, दोन्ही गाडीच सांभाळते. डाव्या पायाला काही कामच नाही. म्हणजे माझ्याकडे आलात की तुम्हाला ती चालवता आली असती. हे तुमच्या मनात होतं, माझ्याही होतं. आणि तरीही मी दुसरी घेतली, हे चार दिवस मला टोचतं आहे.

घाईनं नाही ठरवलं. दोन्ही गाड्या भाड्यानं घेऊन तीन-तीन दिवस त्याच रस्त्यानं ऑफिसला नेल्या. जाताना अडतीस किलोमीटर, येताना तेवढेच. त्यातला निम्मा रस्ता मोकळा आणि निम्मा असा की पुढच्या गाडीचा नंबर पाठ होतो. शिवाय दोघींना एकेका रविवारी पहाटे घाटात नेलं.

आधी जीटीआयचं सांगते, कारण ती मनापासून आवडली होती. सकाळच्या गर्दीत तिच्याइतकी समजूतदार गाडी मी चालवलेली नाही. २६५ अश्वशक्ती पोटात ठेवून ती मुंगीच्या पावलानं सरकते, झटका नाही की कुरकुर नाही. खड्डा आला तर गिळते. आकारानंही आटोपशीर आहे, कुठेही वळवा. टाइप आर तिच्यापेक्षा जवळजवळ एक फूट लांब आहे आणि वळायला ऐसपैस जागा मागते. पेट्रोललाही जीटीआय बरी, लिटरमागे दीड-दोन किलोमीटर जास्त देते. रोजच्या जाण्या-येण्याचाच हिशोब केला असता तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. १९७६ साली पहिली जीटीआय विकायला आली, तेव्हा तिच्या सीटला चौकड्यांचं कापड होतं आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू. दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या एका बाईंच्या. तेव्हा फोक्सवॅगनमध्ये किती बायका असतील? ते चौकड्यांचं कापड आजही आहे, तुझ्या जुन्या शालीसारखं दिसतं, आणि मी त्या सीटवरून बराच वेळ हात फिरवत बसले होते. पण चेंडू गेला. दांडाच नाही तर चेंडू कशावर बसवणार? त्या जागी आता दाढीच्या यंत्राएवढी एक कळ आहे. ती बघून मला काय वाटलं ते बाबांना कळेल.

आता टाइप आरचं. ती फक्त हाताच्या गिअरवर मिळते, सहा गिअर, दुसरा पर्यायच नाही. दांड्यावरची मूठ ॲल्युमिनियमची, थेंबाच्या आकाराची. पहाटे हातात घेतली तर गार लागते, उन्हात उभी करून आलं तर चटका देते. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मनगट हलतं तेवढंच, आणि गिअर बसल्याचा तो "टक्" तळहातात येतो. बाबा, तुम्ही म्हणायचात ना, गिअर ढकलायचा नसतो, तो जाऊन बसतो, आपण फक्त वाट दाखवायची. ते वाक्य मला पंचवीस वर्षांनी हाताला कळलं.

क्लच जड असेल असं धरून गेले होते, पण तो हलका निघाला. एका सकाळी मोजलं सुद्धा, ऑफिसच्या दारात पोचेपर्यंत दोनशे अकरा वेळा दाबला. संध्याकाळी पाय दुखला का? थोडा दुखला. खोटं नाही लिहिणार. पण तिला ब्रेक होल्ड आहे, सिग्नलला गाडी थांबली की स्वतःच धरून ठेवते, उजवा पाय मोकळा. आणि मोकळ्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपलं आपण राखतो. मी दमणार नाही, काळजी करू नका.

घाटातलं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण ठरलं ते तिथे. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. अशा गाडीला ताकद जास्त झाली की वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होऊन नुसतं फिरतं, आणि स्टिअरिंग हातात ओढ घेतं. दोघींकडे यावर तोड आहे. जीटीआयमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक्सच्या हुकमावर दाबल्या जाणाऱ्या चकत्या करतात. टाइप आरमध्ये नुसते तिरक्या दात्यांचे गिअर आहेत, ताण आला की ते स्वतःच जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतात. वर होंडानं पुढचं सस्पेन्शन असं बांधलंय की स्टिअरिंगचा आस चाकाच्या जवळ येतो, म्हणून ३३०च्या आसपास अश्वशक्ती आणि ४२० न्यूटन मीटर टॉर्क असूनही ती हात ओढत नाही. २०२३ मध्ये तिनं जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची पूर्ण फेरी ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत मारली, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमधला तो तेव्हाचा विक्रम. आई, घाबरू नकोस. ती बंद शर्यतीची वाट आहे आणि चालवणारा कसलेला माणूस होता. मी त्यातलं काहीही करत नाही.

मी काय करते ते ऐक. पहाट, रस्ता रिकामा, पुढचं वळण आरपार दिसतंय. दुसरा गिअर. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. नजर वळणाच्या शेवटाकडे. जीटीआयनं हे सगळं सुंदर केलं, पण तिनं केलं. मी तिच्यात बसले होते. टाइप आरमध्ये गिअर उतरवताना इंजिनाचे फेरे जुळवून द्यायची सोय आहे, मी ती बंद केली आणि बाबांनी शिकवलं तसं स्वतः जुळवलं. पहिल्यांदा चुकलं. चौथ्या वळणाला जमलं, आणि बाबा, मी एकटीच मोठ्यानं "आबांची जीप!" म्हणाले. त्या जीपवर डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबणं, शिकताना तुम्ही माझ्यावर एकदाही ओरडला नाहीत. आबा ओरडले होते, तुम्ही नाही.

वेगाची मर्यादा मी त्या दिवशीही मोडली नाही. पुलाच्या त्या रात्रीनंतर मी तुम्हाला जे वचन दिलंय ते पाळते आहे, पुढेही पाळेन. मनासारखी गाडी चालवणं म्हणजे सुसाट सुटणं नव्हे, हे तुम्हीच मला साठच्या वेगात दाखवलं होतं. ज्या दिवशी जोरात पळवावीशी वाटेल त्या दिवशी ट्रॅकवर जाईन, हेल्मेट घालून.

आता तुमच्या सोयीचं. मागे दोघांचीच सीट आहे, मधली जागाच नाही, तिथे पेले ठेवायचा कप्पा आहे. आई, तुझी पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी तिथे छान बसेल. पाय पसरायला मागे भरपूर जागा आहे, जीटीआयपेक्षाही जास्त. मागची दारं मोठी आहेत, त्यामुळे वाकून शिरावं लागणार नाही. पुढच्या लाल सीटना मात्र दोन्ही कडांना उंच उशा आहेत, तुझ्या कमरेला त्या अडतील. पुढे बसायचंच असेल तर आधी पाठमोरी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. मी हात देईन. आणि एसीला खरीखुरी फिरवायची बटणं आहेत! गोल्फमध्ये पडद्याखालच्या पट्टीवर बोट सरकवावं लागतं, तुला त्याचा वैताग आला असता. इथे न बघता फिरवायचं की झालं.

डिकीही चांगली आहे, ४१० लिटरची. तुमच्या दोन्ही बॅगा आणि बाबांचं वॉकर घडी करून मावेल. (वॉकर फक्त लांब चालायचं असेल तेव्हा. मला माहीत आहे बाबा, घरात लागत नाही.)

हादरे जीटीआयपेक्षा जास्त बसतील, हे लपवत नाही. चाकं १९ इंची आणि टायरची बाजू जेमतेम आठ सेंटिमीटर, त्यामुळे खड्डा आला की ही सांगते. पण कम्फर्ट मोडवर ठेवली की बरीच मऊ होते, आणि तुम्ही गाडीत असाल तेव्हा ती त्याच मोडवर राहील. प्लस आरच्या, म्हणजे सगळ्यात कडक मोडच्या, बटणाला हातसुद्धा लावणार नाही. ब्रेक ब्रेम्बो या नावाजलेल्या कंपनीचे आहेत, ३५० मिलिमीटरच्या चकत्या. आई, हे तुझ्यासाठी लिहिलंय, इंजिनाचं बाबांसाठी.

एवढं सगळं लिहूनही मुद्दा राहतोच. बाबा, मी जीटीआय घेतली असती तर तुम्ही चालवली असती. तुम्ही नाही म्हणाला नसतात. पण खरं सांगते, क्लच नसलेल्या गाडीत तुम्हाला बसवून "आता हीच तुमच्यासाठी बरी" असं मला म्हणायचं नव्हतं. ऑपरेशनला अजून वर्ष झालेलं नाही. डॉक्टर म्हणालेत गुडघा आणखी मोकळा होईल. मी ते धरून चालले आहे. आणि नाहीच झाला, तरी तुमची गाडी ओळखायची अक्कल गुडघ्यात कधीच नव्हती. बॉनेट उघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून इंजिनातला टॅपेट वाजतोय हे सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता काही गोष्टी, यावर वाद नको. व्यायाम दिवसातून दोनदा, एकदा नाही. पायाखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन गुडघा दाबायचा आणि दहा आकडे धरायचा, पाचवर सोडायचा नाही. आई, तू मोजायचंस, त्यांच्यावर सोडायचं नाही. जुनी गाडी विकू नका, मी विकायला सांगतही नाही, पण आठवड्यातून एकदा शेजारच्या मुलाला सांगून फिरवून आणा, बॅटरी उतरते. तुम्ही स्वतः नाही. "फक्त गेटपर्यंत" सुद्धा नाही. मोतीबिंदूची तारीख पुन्हा पुढे ढकलायची नाही, या वेळी मी स्वतः यायचं ठरवलंय. आणि आई, रक्तदाबाची गोळी जेवणानंतर आठवली की घेते असं चालणार नाही, वेळ लावून ठेव.

रागावून लिहिलं नाही. लांब असले की आवाज असा चढतो माझा.

तुम्हाला आठवतं का, मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. तुमच्या शेजारी बसायचे, पाय खाली पोचायचे नाहीत. तुम्ही क्लच दाबायचात आणि म्हणायचात, "आता." मग मी दोन्ही हातांनी दांडा ओढायचे. दुसरा, तिसरा. चौथा मला जमायचा नाही, तेव्हा माझ्या हातांवर तुमचा हात यायचा. आई मागून म्हणायची, पोरीला काय शिकवताय. घरी येईपर्यंत माझ्या तळव्यांना त्या काळ्या मुठीचा वास असायचा, आणि मी जेवायच्या आधी हात धुवायला तयार नसायचे.

गाडी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हातात येईल. पहिले काही दिवस इंजिन जपून चालवायचंय, ते मी करते. मग तुम्हाला न्यायला येते. आई मागे, ऐसपैस. बाबा, तुम्ही माझ्या डाव्या बाजूला, सीट पूर्ण मागे घेऊन, पाय लांब करून. मूठ तुमच्या उजव्या हाताशी येईल. क्लच मी दाबेन आणि म्हणेन, "आता."

तुमची,
चिमी

ता. क. मूठ उन्हात तापते, म्हणून तुमच्यासाठी एक सुती रुमाल गाडीत ठेवायला आत्ताच काढून ठेवते आहे.