कळलावीच्या बिया

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कळलावीचा एखादा कंद रानातून खणून पाठव, असे तू लिहिलेस. कंद मी पाठवणार नाही. सोबतच्या पुडीत 20 बिया आहेत, त्या लाव. औषधासाठी खणून खणून ही वेल रानातून कमी होत चालली आहे. शिवाय, ज्या वाकड्या आकारामुळे संस्कृतात तिला लांगली, म्हणजे नांगरासारखी, हे नाव पडले, त्या कंदाच्या टोकाशीच फुटणारा डोळा असतो; खणताना ते टोक मोडले की कंद वाया गेलाच.

या बिया मी गेल्या नोव्हेंबरात काढल्या. बोंड कच्चे तोडले तर बी भरत नाही आणि उशीर केला तर ते गळून जाते, म्हणून मी रोज जाऊन पाहत होतो. एके सकाळी हिरवेपणा गेलेल्या, सुरकुतलेल्या बोंडाची एक शिवण जेमतेम उकलली होती आणि फटीतून शेंदरी बियांची ओळ दिसत होती. तेवढीच दोन बोंडे घेतली, बाकीची वेलीवर राहू दिली. वरचा गर चोळून धुतला आणि बिया सावलीत वाळवल्या. बी असो वा कंद, सगळ्यात कॉल्चिसिन हे जहाल विष असते. तेव्हा हातमोजे घाल आणि पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नकोस.

ताजे बी काही महिने झोपलेलेच असते. या बियांची ती झोप आता पुरी झाली आहे, म्हणून मृगाच्या तोंडावर रात्रभर भिजवून, पाणी न साचणाऱ्या भुसभुशीत मातीत सेंटिमीटरभर खोल पेर. सगळ्या एकदम उगवणार नाहीत. काही 3 आठवड्यांत, तर काही 3 महिन्यांनी वर येतील. पहिल्या खेपेस मी सहाव्या आठवड्यातच धीर सोडून कुंडी उपडी केली, आणि ढेकळात दोन बियांना नुकतेच फुटलेले पांढरे कोंब सापडले. ते मोडलेले कोंब अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पहिल्या वर्षीचे रोप वीतभरही होत नाही आणि पावसाळा सरला की सुकून जाते. ते मेले असे समजू नकोस. खाली इवलासा कंद धरलेला असतो, त्याला उन्हाळाभर कोरडाच ठेव. फूल यायला 3 ते 4 वर्षे लागतील. पहिला कोंब दिसला की तारीख मात्र लगेच कळव.

तुझा,
अविनाश