दार उघडे, कागद कुलपात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डॉक्टरांच्या हलगर्जीपणावरचा कालच्या अंकातला निवृत्त न्यायाधीशांचा लेख वाचला. दवाखान्यांची मोडतोड करू नका, कायद्याचे दार सर्वांना उघडे आहे, हा त्यांचा सल्ला सोळा आणे खरा. आम्ही एकही काच फोडली नाही. डॉक्टरांशी अरेतुरेवरही आलो नाही. दारच ठोठावले. दीड वर्ष ठोठावतो आहोत, तेव्हा या विषयावर चार ओळी लिहिण्याचा हक्क आम्हालाही असावा.

लेखात कोलकात्याच्या खटल्याचा दाखला आहे, सुमारे सहा कोटींच्या भरपाईचा. वाचणाऱ्याला वाटावे, इकडे अर्ज टाकला की तिकडून धनादेश निघाला. तो खटला लढणाऱ्या कुणाल साहा यांची पत्नी १९९८ मध्ये गेली, सर्वोच्च न्यायालयाने रक्कम ठरवली २०१३ मध्ये. आणि साहा स्वतः डॉक्टर. बायकोला कुठले औषध किती दिले आणि किती द्यायला हवे होते, हे त्यांना कुणाच्या पाया पडून विचारावे लागले नाही. लेखकमहाशय एवढेच सांगायचे विसरले. आमची धाकटी जाऊ सातवी शिकलेली आहे.

मार्च २०२२ मध्ये तिच्या हाताला डाव्या स्तनातली गाठ लागली. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. प्रकरण चालू आहे, आणि लिहिले तरी तुम्ही छापणार नाही. सोनोग्राफी झाली, सुई टोचून नमुना तपासायला गेला. डॉक्टर म्हणाले, "या वयात अशा गाठी होतात, काळजी करू नका." ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. रिपोर्ट आला की फोन करू, असे खिडकीवर सांगितले. फोन आला नाही. काही नसेल म्हणूनच आला नाही, अशी आम्ही आमची समजूत घातली. ती चूक आमची, मान्य. अकरा महिन्यांनी काखेत गाठ आली तेव्हा परळला टाटामध्ये नेले. कर्करोग, तिसरी स्टेज. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, आधीच्या तपासणीचा कागद कुठे आहे?

तो कागद आणायला मीच गेले. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. आमचे ७२ तास ४१ दिवस चालले. आधी रेकॉर्डवाले रजेवर, मग झेरॉक्स बंद, मग मोठ्या सरांची सही राहिलेली. शेवटी फाइल हातात आली. त्यात रिपोर्ट होता, मार्च २०२२ चाच, 'संशयास्पद, बायोप्सी करावी' असे सांगणारा. सोबत नोंदवहीच्या एका पानाची प्रत: रिपोर्ट रुग्णास दिला, रुग्णाची सही.

सही इंग्रजीत. झोकदार, खाली रेघ ओढलेली.

आमच्या जाऊबाईंनी रेशनकार्डापासून बँकेच्या स्लिपपर्यंत जन्मभर मराठीतच सही केली आहे, तीही एकेक अक्षर लावत, जोडाक्षर आले की पेन उचलून. केमोने डोक्यावरचे केस गेलेले, पदर घट्ट ओढून ती त्या पानाकडे बघत राहिली आणि हसून म्हणाली, "अक्का, माझं नाव इंग्रजीत असं दिसतं होय?"

आता खटला या सहीवर अडला आहे. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आम्ही दाखल केली डिसेंबर २०२४ मध्ये, आजार कळला त्या फेब्रुवारी २०२३ पासून मोजून. रुग्णालयाचे वकील मोजतात मार्च २०२२ पासून, कारण रिपोर्ट 'तेव्हाच दिला होता, ही बघा सही'. मूळ नोंदवही आणा म्हटले तर उत्तर आले की रेकॉर्ड तीन वर्षे जपायचे असते, ती मुदत संपली. तक्रार चालू असताना संपली!

पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल सांगितला: डॉक्टरवर गुन्हा नोंदवायचा तर आधी तज्ज्ञ डॉक्टरांचे मत आणा. चार डॉक्टरांकडे गेलो. चौघांनी रिपोर्ट वाचून मान हलवली, लिहून एकानेही दिले नाही. एक म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं आहे, पण मला याच गावात दवाखाना चालवायचाय." ग्राहकांच्या प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे त्याच न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलेले आहे. तरी आमची फाइल सिव्हिल हॉस्पिटलच्या समितीकडे गेली आणि सात महिन्यांनी अर्धे पान घेऊन परत आली. निष्काळजीपणा आढळून येत नाही. सहीबद्दल अक्षर नाही. हस्ताक्षरतज्ज्ञाचा आमचा अर्ज अजून तसाच.

न्यायाधीशसाहेबांनी एक उपयोगाची गोष्ट मात्र लिहायला हवी होती. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आम्हाला हे कळले ते वकिलांचे पंचवीस हजार देऊन झाल्यावर, आयोगाच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडून.

जाता जाता तुमच्याबद्दलही. ऑक्टोबर आला की स्तनाच्या कर्करोगाच्या नावाने तुमची पुरवणी गुलाबी होते. गेल्या वर्षी तीत त्याच रुग्णालयाची पानभर जाहिरात होती, 'वेळीच तपासणी' वगैरे. जाऊबाईंनी त्या पानावर तांदूळ निवडले.

पाणीपट्टीवरचे माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापले होते, आणि नेमका मीटर रीडिंगचा मजकूर गाळला होता. हेही कापायचेच असेल तर कोलकाता कापा, पोलीस कापा. सहीचा मजकूर तेवढा राहू द्यावा.

आपली,
एक वाचक, जि. सातारा
(प्रकरण आयोगापुढे असल्याने नाव छापू नये.)