चहातले थेंब

लेस्टर,
१७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून आधी दचकली असशील. मी ठणठणीत आहे. फोनवर बोलायला गेलो की तुझा ओंकार जवळपास असतो, आणि व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन तो चाळतो हे तूच सांगितलंस. म्हणून दाजींच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. दुपारी गिऱ्हाईक नसताना सावकाश वाच.

मागच्या रविवारी तू घाईघाईत एक वाक्य बोललीस आणि लगेच पाण्याच्या मोटारीचा विषय काढलास. "ओंकारच्या सकाळच्या चहात औषधाचे थेंब घालते, त्याला कळत नाही, आता शांत असतो." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. रागावलो नाही गं. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. आई नाही का आपल्याला जंताची गोळी केळ्यात खुपसून द्यायची? पण गेल्या महिन्यात आमच्या मानसिक आजारांच्या वॉर्डात एक गृहस्थ आले, त्यांची गोष्ट तुला सांगायलाच हवी. नाव सांगता येत नाही आणि ओळखू येईल असं थोडं इकडचं तिकडे केलंय. त्यांना आपण भाई म्हणू.

भाई साठीच्या आसपासचे, मूळचे गुजराती, पण जन्म युगांडातला. १९७२ मध्ये इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा त्यातले पुष्कळजण या लेस्टरला आले. भाई तेव्हा शाळकरी पोर होते. इथे १९८३ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे. त्यातल्या 'सेक्शन टू'खाली माणसाला त्याच्या मर्जीविरुद्धही तपासणीसाठी जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवस ठेवता येतं. दोन डॉक्टरांची शिफारस लागते, आणि बहुधा एक खास प्रशिक्षण घेतलेला समाजसेवक अर्ज करतो. भाई तसे आले. चार दिवस पोटात काही नाही, ओठ फुटलेले. हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना देतात त्या कागदावर एकच ओळ: जेवणात विष घालतात असा भ्रम.

तुला वाटत असेल, अशा माणसाची तपासणी म्हणजे मी समोर बसून प्रश्न विचारतो. प्रश्न नंतर. आधी नाडी, रक्तदाब, ताप, वजन, साखर, कारण चार दिवस न खाल्लेला माणूस आधी शरीराने आजारी असतो, कानात येणारे आवाज मागाहून. मग नुसतं बघायचं. नखं वाढलीत का, मोजे एकाच जोडीचे आहेत का, बोलताना नजर कुठल्या कोपऱ्याकडे जाते, उत्तर द्यायच्या आधी कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा थांबतो का, ओठ पुटपुटतात का. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात आमची पोस्टिंग होती तेव्हा तिथल्या एक सिस्टर म्हणायच्या, पहिला अर्धा तास वही उघडायची नाही. तेव्हा मला तो कामचुकारपणा वाटला होता.

प्रश्नही जपून. आवाज येतात का, एकाचा की अनेकांचा, ओळखीचा आहे का, काय म्हणतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते काही करायला सांगतात का, आणि सांगितलं तर तुम्ही करता का? भाईंचे आवाज गुजरातीत बोलायचे. माझं गुजराती खाकरा-फाफड्यापुरतं, त्यामुळे नियमाप्रमाणे दुभाषी बाई बोलावल्या. एक आवाज त्यांना म्हणायचा, "खाऊ नकोस, आत आहे." मरून जावंसं वाटतं का, हेही मी सरळ विचारलं. तू म्हणशील असलं काही विचारून कशाला डोक्यात घालायचं? विचारल्याने ते डोक्यात येत नाही, ताई. असलं तर बाहेर येतं, आणि माणूस किती एकटा होता ते दिसतं.

मी त्यांना "विष नाहीये" असं एकदाही म्हटलं नाही. "हो, आहे" असंही नाही. म्हटलं, "तुम्हाला ऐकू येतं ते मला येत नाही, पण चार दिवस उपाशी राहण्याइतकी भीती वाटते म्हणजे ती खरीच आहे." आणि दुसऱ्या दिवशी ट्रेवर झाकलेलं गरम जेवण नेण्याऐवजी सोललेलं नसलेलं केळं, कवचासकट उकडलेलं अंडं आणि बंद पाकिटातली बिस्किटं नेली. भाईंनी अंडं उजेडात धरून तपासलं. तडा कुठे नाही बघितलं. मग स्वतः सोललं आणि तीन घासांत संपवलं. नर्सिंगच्या पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि परीक्षेपुरतं आपण ते घोकतो. त्या दिवशी मला हायसं वाटलं.

चौथ्या अंड्याच्या दिवशी ते आपणहून बोलले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा, त्यांचा भाऊ चहात गोळी कुटून घालायचा. एक दिवस कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. भावाने आधी साखर आहे म्हटलं, मग रडला, मग कबूल केलं. "त्या दिवसापासून," भाई म्हणाले, "मी त्याच्या हातचं पाणी प्यायलो नाही." भाऊ वारला. भाई अंत्यविधीला गेले नाहीत.

आता त्यांना आजार आहेच. आवाज होते, शेजारी भिंतीतून ऐकतात असंही वाटायचं, त्यातलं काही चहाच्या कपातून आलेलं नव्हतं. पण 'जेवणात विष घालतात असा भ्रम' ही हँडओव्हरची ओळ मी पुन्हा वाचली तेव्हा मला तासगावचं आपलं स्वयंपाकघर दिसलं.

म्हणून सांगतो. ओंकारच्या मनात आधीच आहे की कॉलेजातली पोरं त्याच्या डब्यात काहीतरी घालतात. ज्या दिवशी त्याला तुझी बाटली सापडेल त्या दिवशी त्याचा संशय खरा ठरेल, आणि तो खरा करणारी तू असशील. औषधावरचा विश्वास गेला तर औषध बदलता येतं. आई कशी बदलणार?

दुसरं एक निव्वळ औषधाचं. तू सांगितलेलं नाव मी नीट ऐकलं असेल तर ते रिस्पेरिडोनचे थेंब आहेत. इथल्या बाटलीबरोबरच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं: पाण्यात चालतं, संत्र्याच्या रसात चालतं, चहात चालत नाही. म्हणजे एवढा जीव मुठीत धरून तू घालतेस त्यातलं किती लागू पडतं कोण जाणे. अर्धा कप ठेवून तो उठतो, उरलेला दाजी पितात, ते तर निराळंच. (दाजींना दुपारी झोप फार यायला लागलीय असं तू म्हणालीस. हसू नकोस.)

डॉक्टरांनीच सांगितलं होतं हे मला माहीत आहे. ओपीडीत बाहेर रांग लागलेली, समोर रडणारी आई, आणि पोरगा खुर्चीत बसायला तयार नाही, तेव्हा कुणीही तेच सांगेल. इथेही लपवून औषध देतात, पण स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने निर्णय घ्यायची क्षमताच उरली नाही अशा माणसाला, आणि तेही डॉक्टर, औषधवाले आणि घरचे एकत्र बसून, कागदावर कारण लिहून. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदाही रुग्णाची संमती मानतो. पण कायदा राहू दे.

उद्यापासून थेंब बंद, असं मात्र करू नकोस. अचानक बंद केलं की आजार उसळतो. आधी तू आणि दाजी डॉक्टरांकडे जा, ओंकारला न नेता, आणि सांगा की आम्हाला हे उघड करायचंय, कसं करू? मग त्यांच्यासमोर त्याला सांग. माफी माग. लेकाची माफी मागायला आपल्याकडे जड जातं, पण माग. तो चिडेल, दोन दिवस जेवणार नाही. तेव्हा अंडी उकड, केळी आण, आणि तो स्वतः सोलून खाईल असं बघ. मग निवड त्याच्या हातात दे: थेंब स्वतः मोजून पाण्यात घेणार, की गोळी, की महिन्याचं इंजेक्शन? ती इंजेक्शनं तिकडेही मिळतात. कुठलं चालेल ते डॉक्टर ठरवतील.

"तू आजारी आहेस" यावरून त्याच्याशी वाद घालू नका. आपण आजारी आहोत हेच न उमगणं हा या आजाराचाच भाग आहे, पोराचा हट्ट नव्हे. पण झोप येत नाही हे तो मान्य करतो ना? मग बोलणं झोपेचं करा.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाने पन्नास-साठच्या दशकांत बरे होऊन घरी गेलेले रुग्ण पाहिले. ज्या घरात सतत टोमणे, वैर, किंवा उलट सारखी अंगावर पडणारी काळजी, त्या घरातले जास्त वेळा पुन्हा आजारी पडायचे. दाजींचं "शेजारचा पोरगा बघ, पुण्याला लागला" हे पहिल्यात आलं. न्हाणीघराच्या दाराशी तू उभी राहतेस ते दुसऱ्यात. आईबापामुळे हा आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही, कुणी म्हटलं तर माझं नाव सांगून भांड. पुढे चंदीगडच्या कुटुंबांचाही अभ्यास झाला, तेव्हा तिथे टोमणे लंडनपेक्षा कमी निघाले. म्हणजे आपली माणसं इतकी वाईट नाहीत, दाजी धरून.

त्याला नरसोबाच्या वाडीला नेलंस त्याबद्दल मी काही बोलणार नाही. दर्शनाला जा, जरूर जा. फक्त औषधाची वेळ चुकवू नका, आणि कुणी त्याला बांधा-मारा म्हणालं तर तिथून निघून या. आपल्या गल्लीतला बंडूतात्या आठवतो ना, गोठ्यात बांधलेला? आपण पोरं खडे मारायचो. मला अजून त्याचा आवाज आठवतो.

रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर १४४१६ लाव. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझा नंबर आहेच, पण मी नाइटला असलो की फोन लॉकरमध्ये असतो.

भाईंचं म्हणशील तर दोन औषधं लागू पडली नाहीत, म्हणून आता क्लोझापिन सुरू केलंय. पांढऱ्या पेशी घटण्याची भीती, त्यामुळे पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त. आणि त्या औषधाने बद्धकोष्ठ इतकं होतं की कधीकधी जिवावर बेततं. म्हणून इंग्लंडात येऊन मी रोज सकाळी आपल्या आजीचा प्रश्न विचारतो: "पोट साफ झालं का?" भाई हसतात. परवा त्यांनी मला विचारलं, तुझं झालं का? गोळी ते माझ्यासमोर पाकिटातून स्वतः काढतात. चहा मात्र अजून घेत नाहीत.

आईला नमस्कार. बेदाणे पाठवू नकोस, मागचे अजून आहेत.

तुझा,
बाळू

ता. क. ओंकार मधेच मान वाकडी करून बसतो, डोळे वर जातात, आणि दाजी त्याला नाटक म्हणतात असं तू बोलून गेलीस. ते नाटक नाही. या औषधाने तरुण पोरांना असं होतं, दुखतंही, आणि त्यावर औषध आहे. हे मी आज फोनवरही सांगणार आहे, त्यामुळे पत्र पोचेपर्यंत तू डॉक्टरांकडे जाऊन आलेली असशील. नसशील तर आधी दुकानाचं शटर ओढायला सांग.