म्हशीचा पाचवा पाय

सांगली,
९ मार्च

प्रिय विन्या,

सहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे फोन आले तेही दोन वाक्यांत उरकले. रागावला असशील तर बरोबरच आहे. माझी शुगर आटोक्यात आहे, आईचा गुडघा आहे तसाच. बाकी ठीक.

विन्या, मी एका म्हातारीच्या म्हशीचा पाय पुसला. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, मग काय झालं? तू म्हणणार नाहीस.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती लांब कंपाउंडची भिंत आहे बघ, तू आलास तेव्हा जिला टेकून आपण रात्री एकपर्यंत बोलत बसलो होतो. साठ फूट लांब, सात फूट उंच. ती गल्लीनं मिळून रंगवायची ठरली. विषय काय घ्यायचा यावर तीन रविवार गेले. कुणी शिवाजी महाराज म्हणालं, कुणी झाडं लावा म्हणालं, कुणी गणपती. शेवटी मागं बसलेली एक बाई म्हणाली, "पुरात ज्यानं त्यानं काय उचललं ते काढा की." सगळे गप्पच झाले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५. आमची ही भिंत तेव्हा अख्खी पाण्याखाली होती, त्यामुळं पूररेषा भिंतीवर मारायचा प्रश्नच नव्हता. ती शेजारच्या लिंबाच्या बुंध्यावर मारली. भिंतीवर सगळीकडं पाणीच, आणि त्यात तरंगणाऱ्या वस्तू.

पाण्याला निळा रंग द्यायला पोरं निघाली होती. बायकांनी हाणून पाडलं. "निळी कुठली? कृष्णामाई तवा चहासारखी हुती." मग पांढऱ्या इमल्शनमध्ये पिवळा आणि तांबडा स्टेनर घालून घालून तो रंग जमवला. प्रत्येक डब्याला बायका यायच्या, बोट बुडवून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून गढूळ." चौथ्या डब्याला पास झालो. भिंतीला खाली लोणा लागला होता, तो वायर ब्रशनं खरवडण्यात आठवडा गेला. गल्लीतल्या रिक्षावाल्यांनी तो भाग केला, मी नुसता बघत होतो. तू असतास तर त्यांच्याबरोबर डबा उघडून बसला असतास, ब्रशला हात न लावता.

मग घराघरानं आपलं आपलं काढलं. शिलाई मशीन, गॅसची टाकी, दहावीचं मार्कशीट, तुळशीची कुंडी. एका पोरानं नुसती कोंबडी काढली, कारण त्याच्या हातून ती निसटली होती. आणि आजींनी म्हैस काढली. पंच्याहत्तरीच्या पुढच्या असतील, आयुष्यात हातात ब्रश धरलेला नाही. त्यांनी काथ्याचा कुंचला मागितला, पोतेऱ्याला धरतात तसा धरला आणि एका दमात म्हैस काढली. मान वर, नाकपुड्या वर, डोळा पांढरा. आणि पाय पाच. मी हसून विचारलं तर म्हणाल्या, "पवत हुती मास्तर. पवणाऱ्या म्हशीचं पाय मोजत बसायला कुणाला येळ हुता?"

हे मी ऐकलं होतं रे. ऐकूनसुद्धा आदल्या रात्री, दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून, मी टॉर्च घेऊन गेलो. बावीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेन्सिल चालवणारा हात. आधी कोंबडीची चोच जरा नीट केली. मग मशीनचं चाक गोल केलं. मग म्हशीपाशी आलो. पाचवा पाय पाण्याच्या रंगानं झाकला, मान जरा खाली घेतली, पाठीला शेड दिली. लांबून बघितलं. चांगली म्हैस झाली होती.

सकाळी आजी आल्या. बराच वेळ भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लई झ्याक काढलीया. कुणाची हाय?"

टोमणा नव्हता. त्यांनी खरंच ओळखली नाही. त्या पुढं सरकून आपली म्हैस शोधत होत्या.

तुला आठवलं असेलच. २००९ चा ऑगस्ट, तुळशी पाईप रोड. महापालिकेनंच लोकांना बोलावलं होतं, माहीमपासून दादरपर्यंत भिंत रंगवायला. आपल्या शेजारी त्या झोपडीतल्या पोरानं लोकल काढली होती, डब्यापेक्षा माणसं मोठी. तो जेवायला गेला आणि तू माणसं लहान केलीस. "भिंत तुझ्या बापाची आहे का?" असं मी सगळ्यांदेखत ओरडलो आणि दादरपर्यंत एकटा चालत गेलो. दीड महिना तुझ्याशी बोललो नाही. तू तीनदा आलास, मी दार उघडलं नाही. त्या भांडणात मी बरोबर होतो असं इतकी वर्षं धरून चाललो. होतोही. पण तुझा हात का गेला असेल हे मला त्या रात्रीपर्यंत कळलं नव्हतं. वाईट हेतूनं जात नाही रे तो, मायेनंच जातो.

आणि आपण दोघांनी डहाणूला बघितलं होतं की! लग्नाचा चौक काढणाऱ्या त्या सवाशिणी. गेरूवर तांदळाचं पीठ, बांबूची काडी, आणि एकीची रेघ वाकडी गेली तर दुसरी ती पुसत नव्हती, वाकली तिथूनच पुढं नेत होती. जिव्या सोमा म्हसे यांनी ही वारली कला कागदावर आणली, २०११ साली पद्मश्री मिळवली, ते मी वर्गात दर वर्षी सांगतो. त्या वाकड्या रेघेचं मात्र कधी सांगितलं नाही.

कोंबडी आणि चाक पोरांनी आपापलं परत काढलं, मला शिव्या घालून. ते बरं झालं. म्हैस मी खरवडली आणि प्रायमर मारून ठेवला. दोन बाय तीनचा पांढरा तुकडा आहे. आजींना कुंचला नेऊन दिला तर म्हणाल्या, "एकदा आली ती आली. आता न्हाई यायची." एका पोराच्या मोबाइलमध्ये मूळ म्हशीचा फोटो आहे. चौकटी आखून मी ती हुबेहूब उतरवू शकतो, पाच पायांसकट. पण ती परत माझ्याच हातची होणार. गल्लीतले म्हणतात, मोकळं वाईट दिसतं, काहीतरी काढून टाका. मी कुणाला हात लावू दिलेला नाही. आजी रोज सकाळी दूध आणायला तिथूनच जातात.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे आईकडून कळलं, मी फोन करायला हवा होता. चिरंजीवांची दहावी सुरू असेल, त्याला आशीर्वाद. फ्लेक्सच्या दुकानाचं काय ठरवलंस, विकतोयस की नाही? सविस्तर लिही.

पण आधी एवढं सांग. मी दादरला निघून गेल्यावर तो पोरगा जेवून परत आला असेल ना? तो काय म्हणाला? आणि तू त्याला काय सांगितलंस? मी कधी विचारलंच नाही.

तुझा,
सुन्या