सहा सिलिंडरसाठी धावून आलेल्यांचे आभार

आमच्या जुन्या गाडीत चार सिलिंडरच्या जागी सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन बसलं आणि गाडी रस्त्यावर आली. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा अनेकांचा यात हात आहे. त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

'इंजिन खाली सोडण्याआधी ऑइल सम्प बघा' असं बजावणाऱ्या गृहस्थांचे आधी. मूळ सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, क्रॉसमेंबरवर (गाडीच्या सांगाड्यातल्या आडव्या पट्टीवर) टेकला असता. खोलगट भाग मागे असलेला सम्प लावला आणि इंजिन अलगद माउंटिंगवर बसलं. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, कापून, बॅलन्स करून देणाऱ्या कारागिराचा हात तर सोन्याचा!

वायरिंगच्या वेळी एका ताईंनी फोनवर ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) एकेक पिन माझ्याकडून मल्टिमीटरने तपासून घेतली. क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याचं, फिरणं टिपणाऱ्या क्रँक सेन्सरच्या वायरचं शील्ड (वरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करायचं, हे त्यांचंच सांगणं. त्यानंतर आरपीएमचा काटा थरथरायचा थांबला.

आणि 'ताकद वाढवताय, तर आधी ब्रेक आणि पुढच्या स्प्रिंगा बदला' म्हणून हटून बसलेल्या काकांना नमस्कार. पुढचं वजन वाढल्यावर त्याचं मोल कळतं.

या इंजिनात क्रँकच्या दर 120 अंशांना एक सिलिंडर पेटतो. आयडलिंगला स्टीअरिंगवर हात ठेवला तरी कंप जाणवत नाही. माउंटिंगची मापं काढून ठेवली आहेत. कुणालाही लागली तर हक्कानं मागा.