वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा भार कोणी सोसायचा?

संपादक महोदय,

वन्यप्राण्याने माणूस किंवा जनावर मारल्याची बातमी आली, की त्याला पकडावे की ठार करावे यावरच चर्चा रंगते. तो प्राणी वाचवण्याचा निर्णय कोणी घेतला आणि त्याची झळ कोणाला बसते, हा मुळातला राजकीय प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लांडगे पुन्हा आणावेत की नाही, याचा कौल २०२० मध्ये मतदारांकडून घेतला गेला. प्रस्ताव जेमतेम ५१ टक्के मतांनी मंजूर झाला, तोही मुख्यतः शहरी मतांच्या बळावर. डिसेंबर २०२३ मध्ये लांडगे सोडले गेले ते मात्र राज्याच्या पश्चिम भागात, जिथल्या बहुतेक काउंटींनी (जिल्ह्यांनी) विरोधात मत दिले होते. हे लोकशाहीच्या नियमांत बसत असले, तरी तिथल्या पशुपालकांना ते उंटावरून शेळ्या हाकणे वाटले तर नवल नाही. दूर बसून घेतलेल्या निर्णयांवरचा असाच राग आफ्रिकेतही दिसला. हत्तींचा उपद्रव सोसणाऱ्या बोट्स्वानाचे तत्कालीन अध्यक्ष मासीसी यांनी २०२४ मध्ये जर्मनीला वीस हजार हत्ती पाठवून देण्याची धमकी दिली, तीही हौशी शिकाऱ्यांनी मारलेल्या प्राण्यांची मुंडकी, कातडी अशा अवशेषांच्या आयातीवर कडक निर्बंध आणण्याच्या जर्मन हालचालींमुळे. अर्थात, त्यांच्याच सरकारने शिकारबंदी उठवली ते २०१९ हे निवडणुकीचे वर्ष होते, हेही विसरू नये.

नुकसानभरपाई हे यावरचे ठरलेले उत्तर असते. पण अनेक ठिकाणी पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवता येत नाही. तोवर कुत्री आणि गिधाडे त्याचे लचके तोडतात, पावसात ठसे पुसले जातात, आणि हल्ला नेमका कोणी केला हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावरच येते. जो दुसऱ्याची जमीन कसतो किंवा दुसऱ्याची जनावरे राखोळीने सांभाळतो, त्याचा अर्ज तर पहिल्याच टेबलावर अडतो. रात्र-रात्र जागून केलेली राखण, भीतीपोटी बुडणारी शाळा, सरपणासाठी जीव मुठीत धरून झाडीत शिरणाऱ्या बायका यांसाठी अर्जात रकानाच नसतो. मग वनखात्यावरचा राग मेलेल्या जनावराच्या मांसात विष कालवून काढला जातो आणि त्यात गिधाडेही हकनाक मरतात.

वजनदार माणसाला झळ बसली की काय होते, याची कुजबुज युरोपात झालीच. युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेअर लायन यांचे तट्टू २०२२ मध्ये लांडग्याने मारले. पुढच्याच वर्षी आयोगाने लांडग्याचे संरक्षण शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातील वन्यजीव संरक्षणाच्या बर्न कराराच्या सदस्यांनी तो मान्य केला. लांडग्यांची संख्या वाढल्याचे आयोगाचे म्हणणे खरेच आहे. पण एखाद्या मेंढपाळाची आख्खी हयात अर्ज करण्यात गेली, तरी त्याची इतकी दखल घेतली जात नाही.

नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून स्थानिक समुदायांच्या संस्थांना वन्यजीवांच्या वापराचे आणि पर्यटनातून होणाऱ्या कमाईचे हक्क दिले. मला हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, तोही एका अटीवर. कमाई संस्थेच्या खात्यात जमा होते आणि शेळ्या एखाद्याच घरच्या जातात. तेव्हा वाटपाचे नियम ठरवणाऱ्या बैठकीत त्या घरातल्या माणसाला, आणि विशेषतः बाईला, मत असले पाहिजे. नवे अभयारण्य जाहीर करताना किंवा प्राणी नव्याने सोडताना हे नियम आधी लेखी ठरवून मगच पुढचे पाऊल टाकावे.

आपला,
एक वाचक